नोंदणीकृत नर्स व्हायचंय? वर्षं आणि पगार आधी नीट मोजा

मुलाखतीला आलेल्या मुलीची फाईल मी उघडली. पहिल्याच कप्प्यात सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र होतं, त्यावर ‘नर्सिंग, कालावधी १ वर्ष’. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली होती. मी विचारलं, “नोंदणी क्रमांक कुठाय गं?” ती म्हणाली, “मॅडम, सर म्हणाले नोकरी लागल्यावर काढून देतात.” त्या प्रमाणपत्रावर तो क्रमांक कधीच मिळणार नव्हता. तिला हे पहिल्यांदा कळलं ते माझ्या टेबलासमोर.

अशा फाईली दरवर्षी येतात. कोणी चुकीचा कोर्स केलेला असतो, कोणाची संस्था मान्यतेची नसते, तर कोणी सगळं नीट करून शेवटी एका स्पेलिंगपायी महिनोन् महिने अडकलेलं असतं. म्हणून महाराष्ट्रात हे करायचं असेल तर कशानंतर काय, ते इथे क्रमाने लिहिते. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा: शिक्षणाची वर्षं प्रवेशापासून शेवटच्या पेपरपर्यंत मोजू नका, राज्याच्या परिचर्या परिषदेचा, म्हणजे नर्सची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत मोजा. पगार त्या क्रमांकावर मिळतो.

## १. आधी नोकरी ठरवा, मग कोर्स

घरोघरी उलटं होतं. मुलगी बारावी झाली की “जवळ कुठलं नर्सिंग आहे?” असं विचारतात आणि जे मिळेल ते घेतात. त्याआधी कोर्स आणि त्यातून उघडणारं दार, दोन्ही समोर ठेवा.

एएनएम: २ वर्षं, फक्त मुलींसाठी. कुठल्याही शाखेची बारावी चालते. यातून सहायक परिचारिका व प्रसविका (मिडवाइफ) म्हणून वेगळी नोंदणी मिळते. जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका होण्याचा हा रस्ता. नियमित पदाची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१००.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी): ३ वर्षं, शेवटचे ६ महिने इंटर्नशिपचे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय हवा आणि किमान ४० टक्के हवेत. मुलगे-मुली दोघांनाही खुला. पास झाल्यावर नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसविका अशी दोन्ही नोंद होते. ‘आरएन-आरएम’ म्हणतात ते हेच.

बीएस्सी नर्सिंग: ४ वर्षं, ८ सत्रं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के. यालाही आरएन-आरएम नोंदणी.

पोस्ट बेसिक बीएस्सी: जीएनएम आणि नोंदणी झाल्यावर २ वर्षं.

आता खरा हिशेब. राज्य सरकारच्या रुग्णालयात अधिपरिचारिका व्हायचं असेल तर जीएनएम आणि बीएस्सी दोघींना एकच श्रेणी, ३५,४०० ते १,१२,४००. एवढंच ध्येय असेल तर जीएनएमने एक वर्ष वाचतं, हे खरं आहे.

एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर व्हायचं असेल तर चित्र पालटतं. तिथली श्रेणी ४४,९०० पासून सुरू होते आणि भरती ‘नॉरसेट’ या परीक्षेतून होते. बीएस्सी झालेल्यांना नोंदणीनंतर थेट अर्ज करता येतो. जीएनएमवाल्यांना आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे जीएनएमने ३ अधिक २ अशी ५ वर्षं, बीएस्सीने ४. छोटा वाटणारा कोर्स इथे लांब पडतो. त्या २ वर्षांत जीएनएमची मुलगी कमावते हेही धरायला हवं. घरात पैशाची निकड असेल तर तो निर्णय चुकीचा नाही. फक्त तो हिशेब करून घेतलेला असावा.

बीएस्सीला आणखी एक दार आहे, समुदाय आरोग्य अधिकारी. कंत्राटी पद, मानधन २५,००० आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत.

आणि मुलीची ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची तयारी असेल तर सैन्याच्या नर्सिंग सेवेचा ४ वर्षांचा बीएस्सी कोर्स विसरू नका. पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी ही त्यातली महाराष्ट्रातली दोन कॉलेजं. अविवाहित मुलींसाठी आहे, निवड नीटच्या गुणांतून सुरू होते आणि कोर्सनंतर सेवेचा करार पाळावा लागतो.

सावध: “आधी एएनएम कर, मग जीएनएमला एक वर्ष माफ होतं” असं सांगणारे भेटतात. माफ होत नाही. २ अधिक ३, पूर्ण ५ वर्षं लागतात.

सावध: दहावीवर सहा महिने किंवा एक वर्षाचे ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’, ‘होम नर्सिंग’ असे कोर्स रुग्णसेवेच्या मदतनीसाचे आहेत. ते काम मानाचंच आहे. पण त्याने नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि पुढे जीएनएम करायचं ठरलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

## २. संस्था तपासा, इमारत पाहून भुलू नका

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी चार गोष्टी कागदावर पाहा:

१. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, ज्या वर्षी प्रवेश घेताय त्याच वर्षाची.
२. बीएस्सी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. एएनएम, जीएनएम असेल तर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची, कारण परीक्षा ते मंडळ घेतं.
३. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव. राज्याबाहेर नोकरी किंवा परदेश डोक्यात असेल तर हे हवंच.
४. प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात, तिथे खाटा किती.

चौथी गोष्ट कोणी विचारत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॉलेजला काचेची लॅब असते, पुतळ्याला इंजेक्शन देता येतं, पण वॉर्डात पाच खाटा भरलेल्या नसतील तर मुलगी शिकणार कुठे? सकाळी आठ वाजता त्या रुग्णालयात स्वतः जाऊन उभे राहा. विद्यार्थिनी वॉर्डात दिसतात का? त्यांच्याबरोबर ट्यूटर आहे का? एखादीला बाजूला घेऊन विचारा, “या महिन्यात किती प्रसूती पाहिल्यास?” ती जे सांगेल ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

शेजारच्या राज्यात शिकायला जाणाऱ्यांसाठी: सोलापूर, सांगली, कोल्हापूर, लातूर, नांदेडकडची पुष्कळ मुलं कर्नाटकात जातात. तिथे शिकलात तर पहिली नोंदणी तिथल्या परिषदेत होते. मग ना हरकत प्रमाणपत्र आणि पडताळणी होऊन महाराष्ट्र परिषदेत नोंद येते. या फेऱ्यात महिने जातात आणि तेवढ्यात इथली एखादी सरकारी जाहिरात येऊन निघून जाते. तो वेळ आधीच हिशेबात धरा. “हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या” असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा.

## ३. कागद बारावीच्या आधी, सीईटीचा अर्ज निकालाच्या आधी

बहुतेक जण निकाल लागल्यावर चौकशीला येतात. तोवर सीईटीच्या अर्जाची मुदत बहुधा उलटलेली असते. राज्याच्या सीईटी कक्षाची बीएस्सी नर्सिंगची परीक्षा आहे. अर्ज बारावीची परीक्षा सुरू होण्याच्या आसपास किंवा त्याआधीच निघतो. जानेवारीपासून दर आठवड्याला संकेतस्थळ पाहण्याचं काम घरातल्या एकाकडे सोपवा.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात वैधता. अकरावीत असतानाच अर्ज करा. त्याशिवाय लागतात: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. वयाची १७ वर्षं प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत.

तपासा: दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकेक इंग्रजी अक्षर बोटाने वाचा. एका मुलीच्या आडनावात दहावीला शेवटी एक ‘ए’ होता, आधारवर नव्हता. प्रवेशाला कोणी अडवलं नाही. चार वर्षांनी नोंदणीच्या वेळी अडलं, आणि ज्या वर्गमैत्रिणी तिच्या आधी नोकरीला लागल्या त्या आज तिच्याहून ज्येष्ठ आहेत. दहावीची नोंद प्रमाण धरून बाकीचे कागद आत्ताच दुरुस्त करून घ्या.

## ४. फी: प्रवेश कोणत्या दाराने, यावर सवलत ठरते

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. अट एकच, आणि तिथेच लोक पडतात: प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. “फेऱ्यांची वाट कशाला बघता, आमच्या कोट्यातून आजच सीट देतो” या शब्दाला भुलून पैसे भरले की सवलत गेली. चार वर्षांची फी अंगावर येते.

वसतिगृह, खाणावळ, गणवेश, पुस्तकं, प्रॅक्टिकलला जायची बस हे सवलतीत येत नाही. त्याचा दरमहा आकडा वेगळा काढा. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा आणि कॉलेज मागतंय ती तिच्याशी ताडून बघा. फरक निघाला तर पावतीवर लेखी मागा.

शिकताना पगार नसतो. इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं का, किती, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर घरखर्च बेतू नका.

## ५. शिकण्याची वर्षं लांबतात ती हजेरीने

नापास होऊन वर्षं लांबतात, ते सगळ्यांना माहीत असतं. हजेरीने लांबतात, ते पत्र हातात पडेपर्यंत कळत नाही. परीक्षेला बसायला लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते. पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे भावाच्या लग्नाला, गावच्या जत्रेला, तापाला घेतलेली प्रत्येक सुट्टी कोर्स संपल्यावर वॉर्डात उभं राहून फेडायची असते. सगळ्या जणी घरी गेलेल्या, आणि आपण एकटीच मेडिसिन वॉर्डात पाच दिवसांची नाईट भरतोय, ही वेळ येऊ देऊ नका.

आपली वही आपण ठेवा. वॉर्ड, तारीख, ड्युटीचे तास, इन्चार्ज सिस्टरची सही. प्रसूती आणि ऑपरेशन थिएटरची केस बुकं त्याच संध्याकाळी भरा, सही दुसऱ्या सकाळी घ्या. तीन महिन्यांनी सही मागायला गेलात की सिस्टर बदलून गेलेल्या असतात, आणि ज्या केसवर सही नाही ती केस झालीच नाही असं धरतात.

तपासा: प्रत्येक सत्राच्या शेवटी कॉलेजची हजेरी आणि तुमची वही ताडून पाहा. फरक तेव्हाच मिटतो.

## ६. नोंदणी: निकाल आणि क्रमांक यांच्यातले महिने

निकाल लागला की मुली गावाला जातात. पेढे वाटा, पण परिचर्या परिषदेचा अर्ज त्याच आठवड्यात सुरू करा. निकालापासून क्रमांकापर्यंत तीन-चार महिने धरून चाला, आणि तेवढ्या महिन्यांचा खर्च घरात आधी बाजूला काढून ठेवा.

क्रम असा ठेवा:

१. कॉलेजकडून सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, ट्रान्सक्रिप्ट (विषयवार तास आणि गुणांचा उतारा) आणि कॉलेज सोडल्याचा दाखला घ्या. ट्रान्सक्रिप्टच्या जादा प्रती तेव्हाच मागा, पुढे परदेशासाठी लागतात.
२. सगळ्या कागदांवरचं नाव पुन्हा एकदा जुळवा.
३. परिषदेच्या संकेतस्थळावर अर्ज आणि शुल्क भरा. पावती आणि अर्ज क्रमांक मोबाईलमध्ये आणि वहीत, दोन्हीकडे ठेवा.
४. प्रमाणपत्र आलं की जन्मतारीख, स्पेलिंग, आणि परिचारिका व प्रसविका या दोन्ही नोंदी आहेत का ते पाहा.

कॉलेजने मूळ प्रमाणपत्रं अडकवली असतील तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मूळ कागद ठेवून घेणं आणि नोकरीचा बाँड लिहून घेणं, या दोन्ही प्रथा बंद करा अशा सूचना भारतीय परिचर्या परिषदेने दिलेल्या आहेत. परिषदेचं नाव घेऊन केलेला अर्ज बऱ्याचदा काम करतो.

सावध: लग्न होऊन नाव बदलणार असेल तर नोंदणी आधी माहेरच्या नावाने, शिक्षणाच्या कागदांप्रमाणे पूर्ण करा. नंतर राजपत्र आणि विवाह प्रमाणपत्र लावून बदल करून घ्या. अर्ज मधेच असताना आधार बदललंत तर दोन्हीकडे अडकाल.

सावध: क्रमांक येण्याआधी ‘स्टाफ नर्स’ म्हणून रुजू करून घेणारी रुग्णालयं आहेत. तो काळ अनुभवात मोजला जाईलच असं धरू नका, आणि औषधात काही चूक झाली तर पाठीशी नोंदणी नसते. क्रमांक येईस्तोवर थांबणं परवडतं.

## ७. पहिला पगार: सांगितलेला आकडा आणि हातात येणारा आकडा

खासगी रुग्णालयात मुलाखतीला “वीस हजार” म्हणतात. मुलगी घरी फोन करून वीस हजार सांगते. महिन्याने खात्यात साडेसोळाही जमा होत नाहीत आणि घरात शंका सुरू होते. हे असं घडतं:

समजा पगारपत्रकावर एकूण १८,००० आहेत, त्यात मूळ वेतन १२,०००. तुमचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआय (कामगार राज्य विमा) ०.७५ टक्के, म्हणजे १३५. हातात १६,४२५. रुग्णालय स्वतःच्या वाट्याचे १,४४० आणि ईएसआयचे ५८५ भरतं आणि तेही तुमच्या पगारात धरून सांगतं: १८,००० अधिक २,०२५, झाले वीस हजार. नर्स झालेल्या मुलग्यांनी आणखी २०० रुपये व्यवसाय कराचे वजा करावेत. महिलांना महिना २५,००० पर्यंत तो लागत नाही. वसतिगृह आणि मेसची कपात याच्याही खाली.

निधीचे पैसे तुमचेच आहेत, ते वाया जात नाहीत. पण मुलाखतीत प्रश्न नेमका विचारा: “मूळ वेतन किती, कपात किती, हातात किती, आणि नाईटचे व डबल ड्युटीचे वेगळे किती?” उत्तर नेमणूकपत्रावर मागा.

बोलणी करताना एक आधार जवळ ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीची शिफारस अशी आहे: २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांनाही २०,००० च्या खाली नाही. ही शिफारस आहे, अंमल राज्यांच्या हाती. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन अधिसूचनेने २०,००० ची पायरी बांधली. आपल्याकडे अजून बऱ्याच छोट्या रुग्णालयांत त्याच्या खालीच देतात. रात्रभर बारा-पंधरा रुग्ण एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला हा पगार, याचा मला आजही राग येतो.

सरकारी हिशेब वेगळा. अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४००. जानेवारी २०२४ चा ५० टक्के महागाई भत्ता धरला तर १७,७०० मिळून ५३,१००, वर जागेनुसार घरभाडं भत्ता. निवृत्तिवेतन योजनेत मूळ आणि महागाईच्या १० टक्के, म्हणजे ५,३१० वजा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी स्टाफ नर्सला मात्र मानधन २०,००० च्या घरात, महागाई भत्ता नाही. एकाच वॉर्डात, एकच गणवेश, दोन पगार. जाहिरात वाचताना ‘कंत्राटी’ आणि ‘नियमित’ हे शब्द सगळ्यात आधी शोधा.

## ८. पहिल्या दोन वर्षांत जपायचे कागद

नेमणूकपत्र, रुजू झाल्याची तारीख, दर महिन्याचं पगारपत्रक, आणि सोडताना अनुभव दाखला. त्या दाखल्यावर तीन गोष्टी नसतील तर तो परत करा: नेमकी सुरुवात आणि शेवटची तारीख, तुमचं पद, आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या. ‘सुमारे दोन वर्षे काम केले’ एवढंच लिहिलेला दाखला नॉरसेटसारख्या परीक्षेच्या छाननीत टिकत नाही. जीएनएमवाल्यांनी नोकरी धरतानाच ५० खाटांची खात्री करावी.

परदेशाचा विचार असेल तर हेच कागद लागतात, शिवाय परिषदेचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा दाखला. अमेरिकेला एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा आणि तिथली दोन टप्प्यांची चाचणी, जर्मनीला जर्मन भाषेची बी-२ पातळी. एजंटला पैसे देण्याआधी भाषेची परीक्षा पास करा.

नोंदणीला मुदत असते. दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाने १५० तासांचं निरंतर शिक्षण. वर्षाला ३० तास. कार्यशाळा झाली की प्रमाणपत्र त्याच दिवशी फाईलला लावा आणि नूतनीकरणाची तारीख ड्युटी-पत्रकाशेजारी, रोज नजर पडेल अशा जागी लिहून ठेवा. मुदत संपलेल्या नोंदणीवर पुढची मुलाखत थांबते, मग अनुभव दहा वर्षांचा असला तरी.